लघुउद्योगाची अडचण : प्रश्न नेमका कोणता?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या छोट्या कारखानदाराला धंद्याची विचारपूस केली, तर बहुधा ठरलेले उत्तर ऐकू येते : "भांडवल कमी पडते." डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, कल्याणच्या बाजारपेठेत आणि पोळी-भाजी केंद्र चालविणाऱ्या गृहिणीकडेही हेच ऐकावयास मिळते. उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. भांडवलाची चणचण हे दुखण्याचे लक्षण होय. दुखणे न ओळखताच कर्जाची मात्रा दिली, तर व्याज तेवढे वाढते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक. कारखाना कोठे काढावा, पाणी व रस्ते कोठून आणावेत, हे त्या काळच्या उद्योजकाचे प्रश्न या वसाहतींनी पुष्कळसे सोडविले. परवाने, कर्ज, कच्चा माल यांसाठीची धावपळ कमी व्हावी म्हणून १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रांची योजना आली. आज वागळे इस्टेटमध्ये अनेक कारखान्यांच्या जागी कार्यालयांच्या इमारती उभ्या आहेत. कारखान्याच्या चार भिंतींआड उद्भवणारे प्रश्न मात्र तेव्हाही उद्योजकानेच विचारावयाचे होते, आजही त्यानेच विचारावयाचे आहेत.

समजा, एका मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरविणारा लेथचा छोटा कारखाना आहे. महिन्याला दोन लाख रुपयांचा माल जातो आणि पैसे नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे कोणत्याही दिवशी सहा लाख रुपये ग्राहकाकडे अडकलेले असतात. मालक तीन लाखांच्या कर्जासाठी बँकेचे उंबरठे झिजवितो. "कर्ज कोठे मिळेल?" याऐवजी "माझेच पैसे कोठे आहेत?" असे त्याने स्वतःला विचारले, तर हिशेब वेगळा दिसतो. हीच रक्कम पंचेचाळीस दिवसांत येऊ लागली, तर नेमके तीन लाख रुपये मोकळे होतात, तेही बिनव्याजी.

पंचेचाळीस दिवसांचा हा आकडा हवेतला नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देणे लेखी करारातील मुदतीत चुकते करावे लागते आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. करारच नसेल, तर पंधरा दिवस. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे मानले जाते. म्हणून "पैसे कधी देता?" या विनवणीपेक्षा "माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची पावती आपल्या फाइलीत आहे काय?" हा प्रश्न अधिक मोलाचा. पुरवठा सुरू होण्यापूर्वीच उद्यम नोंदणी झालेली असणे श्रेयस्कर. व्यापाऱ्यांनाही ही नोंदणी मिळते. परंतु तिचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता आहे, हे कल्याणच्या दुकानदारांनी ध्यानात घ्यावे.

कायदा आहे, सुलभीकरण परिषदेकडे दादही मागता येते. तरी पुष्कळ कारखानदार तिकडे फिरकत नाहीत. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. पण मग खरा प्रश्न आणखी एक पायरी खाली असतो : एकूण विक्रीपैकी किती हिस्सा या एकाच ग्राहकावर अवलंबून आहे?

असे पायरीपायरीने खाली उतरण्याची रीत जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी रूढ केली. यंत्र बंद पडले. का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेसे नव्हते. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत जात होता. पहिल्याच उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलतो आणि काही दिवसांनी पुन्हा बदलतो. "चूक कोणाची?" असे विचारले, तर कामगार गप्प होतो, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी स्फोटांत जीवितहानी सोसली आहे. रासायनिक कारखान्यात कामगाराने शंका बोलून दाखविणे ही केवळ उत्पादनाची बाब राहत नाही.

पोळी-भाजी केंद्राची गोष्ट निराळी. तेथे यंत्र नव्हे, माणूस वाचावयाचा असतो. संध्याकाळी लोकलमधून उतरून घराकडे निघालेल्या ग्राहकाला "भाजी कशी होती?" असे विचारले, तर तो "छान होती" म्हणतो. आपल्याकडील माणूस तोंडावर दुसरे काय म्हणणार? त्याऐवजी, "गेल्या आठवड्यात आमच्याकडून किती दिवस नेलेत? उरलेल्या दिवशी जेवणाचे काय केलेत?" असे सहज विचारावे. आठ वाजेपर्यंत पोळ्या संपतात म्हणून शेजारच्या केंद्रात गेलो, असे उत्तर आले, तर चवीत बदल करण्याचे कारण उरत नाही. कणीक उशिरापर्यंत पुरवावी लागते. भाव वाढविण्यापूर्वीही प्रत्येक पदार्थाचा खर्च स्वतंत्रपणे मांडावा. त्यात गॅस असतो. स्वतःच्या मजुरीचे पैसे मात्र बहुतेक भगिनी धरीतच नाहीत, आणि फायदा झाला असे वाटत असतानाच वर्षअखेर हाती काही राहत नाही.

ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जातानाही हेच पथ्य पाळावे. "कोणती योजना आहे?" असे विचारणाऱ्याच्या हाती माहितीपत्रक पडते. उद्योग नवा आहे की चालू, यंत्रसामग्रीस किती व खेळत्या भांडवलास किती रक्कम हवी, मागील वर्षाची विक्री किती, हे कागदावर मांडून नेणाऱ्याशी बोलणे पुढे सरकते. उदाहरणार्थ, २००८ पासूनचा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम मुख्यतः नव्या उद्योगांसाठी आहे, चालू कारखान्याच्या विस्तारासाठी आलेल्या उद्योजकाने "या योजनेत मी बसतो काय?" हे पहिल्याच भेटीत विचारले, तर त्याचे पुढचे हेलपाटे वाचतात.