रातांब्याची साल आणि घरगुती पेये : पथ्य सांगताना घ्यावयाची दक्षता

फळाचा गर खावा आणि साल टाकावी, हा सर्वसाधारण रिवाज होय. रत्नागिरी जिल्ह्यात रातांब्याच्या बाबतीत मात्र सालीलाच मान आहे. गराचा रस सालीला पुटे देण्यासाठी आणि बिया मुठेलासाठी, असा येथील व्यवहार. सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकमास 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि रुग्णास 'कोकम घ्या' एवढेच सांगणे आमच्या मते अपुरे आहे. कारण एकाच सालीपासून होणारी पेये रुग्णाच्या दृष्टीने भिन्न ठरतात.

आमसूल : साली फळाच्याच रसात बुडवून उन्हात वाळवितात व ही क्रिया अनेकवार करतात. रसात पुष्कळदा मीठ घालतात.

आगळ : मिठात मुरवून काढलेला हा घट्ट, खारट रस. नारळाच्या दुधात मिसळून सोलकढी करतात.

अमृत कोकम : सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी काही दिवस उन्हात ठेवतात. सुटलेला पाक गाळून, पाणी व जिरेपूड घालून सरबत होते.

यावरून निषेध स्पष्ट होतात. उच्च रक्तदाब, शोथ वा वृक्कविकार असलेल्या रुग्णास आगळ देऊ नये. मधुमेहीस अमृत कोकम वर्ज्य समजावे. अशा रुग्णांस पेय द्यावयाचेच झाल्यास बिनमिठाचे आमसूल निवडावे. शार्ङ्गधरोक्त हिमकल्पनेप्रमाणे 1 भाग द्रव्य 6 भाग थंड पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी कुस्करून गाळावे आणि पिताना आवश्यक तेवढे पाणी मिसळावे.

गुणांविषयीही विवेक हवा. कोकम म्हणजेच वृक्षाम्ल, असे सामान्यतः मानले जाते. चरकाचार्यांनी वृक्षाम्लाची गणना हृद्य दशेमानीत केली आहे. भावप्रकाशात मात्र ते अम्ल व उष्ण सांगितले असून, कच्चे फळ कफपित्तकर म्हटले आहे. उलट कोकणात अंगावर पित्त उठल्यास आमसुलाचे पाणी देण्याची रूढी आहे. शीत जल, साखर व जिरे यांच्या संस्काराने हा फरक पडत असावा, असे आम्हांस वाटते. म्हणून छातीत जळजळ व आंबट ढेकर असलेल्या अम्लपित्ताच्या रुग्णास, विशेषतः रिकाम्या पोटी, हे पेय सरसकट सुचवू नये.

सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. त्याचा आधार घेऊन वजन घटविण्याच्या जाहिराती केल्या जातात. गार्सिनियायुक्त कॅप्सूलांनंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. घरगुती पेय आणि असा केंद्रित अर्क यांत गल्लत होऊ देऊ नये.

औषधी दुकानदारांस आमची विनंती अशी की, बाटली देताना तीत साखर आहे की मीठ, हे लेबल वाचून ग्राहकास सांगावे. सालीचा लाल रंग अँथोसायनिनांचा असून तो उष्णता व प्रकाशाने फिका पडतो. म्हणून बाटल्या उन्हाच्या कपाटात मांडू नयेत. थोड्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकता नैसर्गिक रंग जांभळट-निळसर होतो. तो तसाच लालभडक राहिल्यास कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. घरी करणाऱ्यांनी काचेची वा चिनी मातीची बरणी वापरावी; अ‍ॅल्युमिनिअम, तांबे व बिनकल्हईचे पितळ टाळावे.

साल एकच असली तरी कल्प निराळे आहेत. तेव्हा पथ्यपत्रकावर नुसते 'कोकम' न लिहिता आमसूल, आगळ वा अमृत कोकम असा स्पष्ट उल्लेख प्रमाणासह करावा, ही सर्व वैद्यबंधुभगिनींस नम्र सूचना.