मूलगामी रचनावाद
ज्ञान हे बाह्य वास्तवाचे प्रतिबिंब नसून जाणणाऱ्याने स्वतःच्या अनुभवांतून केलेली रचना होय, असे मानणारी ज्ञानमीमांसेतील एक उपपत्ती. झां प्याजे यांच्या विचारांच्या आधारे एर्न्स्ट फोन ग्लासर्सफेल्ट (१९१७–२०१०) यांनी ती १९७४ मध्ये या नावाने मांडली. तदनुसार वैज्ञानिक सिद्धांताची कसोटी वास्तवाशी तंतोतंत जुळणे ही नसून अनुभवात टिकाव धरणे ही आहे. वास्तवाचे अस्तित्व ती नाकारीत नाही. ते जसेच्या तसे जाणता येते, हा दावा मात्र नाकारते.

सामाजिक संशोधनात ज्यांचे वर्गीकरण होते, ती माणसेही जाणणारीच असतात. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत सु. अडीच हजार असलेली बौद्धांची संख्या १९६१ मध्ये सु. २७.९ लाख झाली. हा बदल गणना करणाऱ्यांनी नव्हे, तर गणले जाणाऱ्यांनी घडविला. तथापि अनुसूचित जातींचा दर्जा बौद्धांना केंद्रीय कायद्याने १९९० मध्येच मिळाला. सर्व वर्गवाऱ्या मानवरचित मानल्या, तरी त्यांचे परिणाम प्रत्यक्ष भोगावे लागतात. म्हणूनच या उपपत्तीमुळे अन्यायाची वस्तुनिष्ठता दुर्लक्षिली जाईल, असा आक्षेप टीकाकार घेतात.