जुन्या पिकअपचा आवाज : दुरुस्तीआधी निदान

दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये दिवसभर ये-जा करणारी पिकअप ही व्यापारी कुटुंबाची महत्त्वाची मालमत्ता असते. घटत्या मूल्याच्या पद्धतीने वर्षाला १५ टक्के घसारा धरला, तर दहा वर्षांनी तिचे पुस्तकी मूल्य मूळ किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शावर येते. साहजिकच ‘आता हिच्यावर खर्च कशाला’ असा विचार मनात येतो. परंतु वहीतील मूल्य आणि रस्त्यावरील उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. नीट राखलेले जुने डिझेल इंजिन पुढेही कित्येक वर्षे माल वाहते आणि बिघडण्यापूर्वी बहुधा आवाजाने सूचना देते. ती ओळखता आली, तर किरकोळ खर्चात भागते. दुर्लक्ष झाले, तर संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते.

आवाज ऐकताच गाडी खोलायला लावू नये. आधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. आवाज केव्हा येतो : थंड इंजिनावर की गरम झाल्यावर? कोठून येतो : पुढून, वरून की तळातून? आणि कशामुळे बदलतो : वेग वाढवल्याने, भार पडल्याने की क्लच दाबल्याने? ही उत्तरे सर्वांत आधी चालकाकडे असतात, कारण दिवसभर तोच गाडीवर असतो. दिनांक, किलोमीटर आणि आवाजाचे वर्णन टिपण्यासाठी गाडीत एक लहान वही ठेवावी.

सकाळी गाडी सुरू करताच पुढून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि थोड्या वेळाने थांबला, तर फॅन बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झाला असण्याचा संभव अधिक. आवाज सतत घरघरणारा असेल, तर अल्टरनेटर किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग तपासावे. क्लच दाबल्यावर सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. उलट, गाडी न्यूट्रलमध्ये असताना येणारा आणि क्लच दाबताच थांबणारा आवाज गिअर बॉक्सच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. असे आवाज इंजिनाचे समजून इंजिन उघडले, तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात.

थंड इंजिनावर येणारी आणि तापल्यावर कमी होणारी फुसफुस सायलेन्सरच्या मॅनिफोल्डमधील गळतीची असू शकते. जोडाजवळची काजळी ही तिची खूण होय. वरच्या बाजूची हलकी, नियमित टकटक टॅपेटची असते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणून ८०० फेऱ्यांवर एकच सैल टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतो. मेकॅनिक फिलर गेजने गॅप मोजून तो बसवतो. मात्र आवाज अगदीच बंद करण्याच्या हौसेपोटी गॅप वाजवीपेक्षा कमी ठेवू नये; तसे केल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. थोडी टकटक परवडते, जळालेला व्हॉल्व्ह परवडत नाही.

डिझेल इंजिनाची खडखड काही अंशी स्वाभाविकच असते आणि थंडीत ती वाढते. परंतु एकाच सिलिंडरमध्ये ठोका वाढला आणि सोबत धूरही आला, तर नोझल तपासावे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर मेकॅनिक एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून दोषी सिलिंडर शोधतात. ज्याचा पुरवठा तोडताच ठोका कमी होतो, तो संशयित. कॉमन रेल इंजिनावर मात्र हा प्रयोग कोणीही करू नये. तेथे डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि निसटलेली बारीक धार थेट कातडीत घुसते.

आवाजाची जागा शोधण्यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हरचा उपयोग होतो. त्याचे टोक त्या भागाला टेकवून मूठ कानाशी धरली, की बेअरिंगची घरघर स्पष्ट ऐकू येते. हे काम जाणकारानेच करावे. फिरता पंखा व बेल्ट यांपासून हात, बाह्या आणि उपरणे दूर ठेवावे.

एक आवाज मात्र सर्वांहून वेगळा मानावा. इंजिनाच्या तळातून येणारा, भार पडताच वाढणारा जड ठोका बिग एंड किंवा मेन बेअरिंगचा असू शकतो. त्याच वेळी ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. ‘एवढा घाट चढून जाऊ’ हा विचार सर्वांत महागात पडतो. थांबले, तर बेअरिंग शेल आणि क्रँक पॉलिश एवढ्यावर भागण्याची आशा असते. पुढे रेटले, तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटू शकतो आणि भरलेली गाडी चढावर अडकून माणसांच्या जिवावर बेतते. काही वेळाने सपाट जागी डिपस्टिक पाहावी. पातळी योग्य दिसली, तरी इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून न्यावी. ठोका दबावा म्हणून घट्ट ऑइल भरणे म्हणजे ताप न मोजता थर्मामीटर लपवणे.

गॅरेजमध्ये ‘इंजिन काढा’ असे सांगण्याऐवजी वहीतील नोंद पुढे ठेवावी, कोणता भाग कशासाठी उघडणार ते विचारावे आणि बदललेले सुटे भाग परत मागून पाहावेत.

हे सारे एका गोष्टीवर अवलंबून आहे. माल वेळेवर पोहोचला नाही म्हणून मालक रागावेल, अशी धास्ती असेल तर चालक लाल दिवा पाहूनही गाडी दामटतो. थांबण्याचा निर्णय त्याचा आहे आणि त्यापायी त्याचा पगार कापला जाणार नाही, हे त्याला घरच्या मोठ्यांनी स्पष्ट शब्दांत आधीच सांगून ठेवावे. उशिरा पोहोचलेल्या मालाबद्दल गिऱ्हाइकाची समजूत घालता येते.