अपडाऊनचे दप्तर

'दप्तर' हा शब्द मुळात कातड्याचा. ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहीत असत. तो शब्द फारसीत 'दफ्तर' झाला आणि मराठीत येऊन सरकारी कचेरीपासून पहिलीतल्या पोराच्या पाठीपर्यंत सगळीकडे रुळला. 'बस्ता' हा त्याचा सोबती. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणे. म्हणून आपल्याकडे पटवाऱ्याचाही बस्ता आणि लग्नाचाही बस्ताच. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत: चौकोनी कापड, मध्ये कागदांची चळत, टोके आवळून गाठ. आत कागदाला हलायला जागाच उरत नाही. असा रुमाल घोड्यावरून खाली पडला, तर धूळ झटकून पुन्हा घोड्यावर ठेवता येई.

आजचे दप्तर काचेचे आहे आणि ते मोटारसायकलवरून जाते. बांधण्याची ती जुनी अक्कल मात्र वाटेत कुठेतरी सांडली, असे मला वाटते.

येलदरी हे जिंतूर तालुक्यातले, पूर्णा नदीवरच्या धरणाचे गाव. धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटच्या तीन संचांचे जलविद्युत केंद्र आहे. जिंतूरहून येथवरचे अंतर पंधराएक किलोमीटर. हाच रस्ता पुढे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावकडे जातो. जिंतूरला रेल्वे नाही, ती परभणीला. एस.टी. आहे, पण तिची वेळ आणि शाळेच्या घंटेची वेळ जुळेलच असे नाही. त्यामुळे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेचा प्रतिनिधी, संगणक परिचालक अशी मंडळी दुचाकीवरून 'अपडाऊन' करतात. (कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे हा शासनाचा आग्रह आणि अपडाऊनची वस्तुस्थिती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, शिवाय भांडणाचाही.) यांतल्या बहुतेकांच्या पाठीवर काळी सॅक असते आणि सॅकेत लॅपटॉप.

त्या लॅपटॉपमध्ये काय असते? सातबारा आता संगणकावर आहे, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ पासून मिळतो आणि मूळ नोंद राज्याच्या सर्व्हरवर असते. लॅपटॉप फुटला म्हणून कोणाचा सातबारा फुटत नाही. पण अतिवृष्टीनंतर बांधाबांधाने हिंडून काढलेले पंचनाम्याचे फोटो, हाताने भरलेल्या याद्या, वर्षभराची निकालपत्रके ही सर्व्हरवर चढेपर्यंत फक्त त्या पाठीवरच्या यंत्रात असतात. रेंज नसेल तर दोन-दोन दिवस. तेवढा काळ कुणाची तरी नुकसानभरपाई त्या सॅकेत बसून प्रवास करते.

लॅपटॉप कशाने बिघडतो ते आधी पाहू. लोक दोष देतात खड्ड्यांना. खड्डे दोषी आहेतच, परंतु खड्ड्याने दिलेला धक्का यंत्रापर्यंत कसा पोहोचतो यावर सगळे अवलंबून आहे. एक सोपा हिशेब करता येतो. वस्तू जितक्या उंचीवरून पडते, त्या उंचीला ती थांबताना जितके अंतर घेते त्याने भागायचे. जो आकडा येतो, तो साधारणपणे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट धक्का बसला ते सांगतो. मोटारसायकलची सीट जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटर. तिथून लॅपटॉप पडला आणि एक सेंटिमीटर दबणाऱ्या फोमवर थांबला, तर धक्का ८० पट. तोच डांबरावर आपटला आणि एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर ८०० पट. मधली ती एक बोटभर जागा म्हणजे सगळा फरक. मात्र ती दबणारी हवी, नुसती मोकळी जागा कामाची नाही. सैल सॅकेत लॅपटॉप दोन इंच खालीवर होत असेल, तर प्रत्येक गतिरोधकावर तो दोन इंच पडतो आणि तळाच्या शिवणीवर आपटतो. जिंतूर ते येलदरी एका फेरीत असे किती वेळा होते, ते ज्याचे त्याने मोजावे.

गादीचा मऊ स्पंज इथे फसवतो. बोटाने दाबला की तो तळाला टेकतो. तसाच लॅपटॉपच्या वजनानेही टेकतो आणि धक्क्याच्या वेळी द्यायला त्याच्याजवळ काही उरत नाही. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यात येणारा घट्ट पांढरा फोम, किंवा व्यायामाच्या जाड चटईचा तुकडा बरा. तो सॅकेच्या तळाशी दोन बोटे जाडीचा बसवावा आणि लॅपटॉप त्यावर उभा ठेवून उरलेल्या पोकळीत टॉवेल कोंबावा. रुमाल बांधणाऱ्या कारकुनाने हेच केले असते.

हार्डडिस्कची गोष्ट थोडी निराळी. जुन्या लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावर, केसाच्या जाडीच्या कित्येक हजारांशाने वर, वाचनाची सुई तरंगत असते. चालू स्थितीत धक्का बसला तर सुई तबकडीला टेकू शकते. बंद केल्यावर ती बाजूला जाऊन बसते. म्हणून बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा दुप्पट-अडीचपट धक्का सोसते. आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये हालचाल ओळखून सुई बाजूला घेणारी यंत्रणा आणली, ती याच भीतीपोटी. आता बहुतेक नव्या यंत्रांत एसएसडी असते, तिच्यात फिरणारे काहीच नाही. तरीही झाकण मिटून तसाच सॅकेत टाकू नये. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. वाटेत कशाने जागा झाला, तर कोंडलेल्या सॅकेत तापत राहतो. निघताना पूर्ण बंद करावा, आणि डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल खोबणीतून काढून घ्यावा. नाहीतर आपटल्यावर डोंगलपेक्षा खोबण तुटते आणि दुरुस्ती महाग पडते.

कंप हा दुसरा शत्रू, आणि तो खड्ड्यासारखा दिसत नाही. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८३ वेळा गाडीचा सांगाडा थरथरतो. अॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती, की ताकदवान मोटारसायकलच्या हँडलला लावलेल्या आयफोनचा कॅमेरा अशा कंपाने बिघडू शकतो. लॅपटॉपमध्ये तसा नाजूक कॅमेरा नसतो, पण बिजागरीचे बारीक स्क्रू आणि खाचेत बसवलेली मेमरी असते. मागच्या कॅरिअरवर आकड्याच्या रबरी दोरीने किंवा ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलेला लॅपटॉप हा कंप थेट सांगाड्यातून घेतो, शिवाय मागच्या चाकाचा प्रत्येक दणकाही. सीटवर बसलेले माणसाचे शरीर मात्र बारीक कंप बरेचसे गिळून टाकते. म्हणून पाठ ही कॅरिअरपेक्षा चांगली जागा.

पाठीलाही किंमत द्यावी लागते. सॅकेचे पट्टे लांब सोडले की सॅक सीटवर टेकते. खांद्यांना आराम, पण सीटचा दणका थेट लॅपटॉपच्या खालच्या कडेला. पट्टे आवळले की सॅक पाठीला चिकटून वर राहते आणि तिचे वजन खांद्यांवर व कण्यावर येते. दोन-अडीच किलोंसाठी पंधरा किलोमीटर आवळलेलेच बरे, असे माझे मत. छातीवरचा आडवा पट्टा असेल तर तो लावावा. वळणावर सॅक एका बाजूला ओढत नाही. एका खांद्यावर लटकणारी बॅग मात्र दुचाकीवर वापरूच नये. ब्रेक मारला की ती पुढे घसरून हँडलला अडते, आणि तिचा लोंबता पट्टा मागच्या चाकात जाऊ शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३व्या नियमाने मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण सक्तीचे केले, ते मागे बसणाऱ्याचे कपडे आरीत अडकू नयेत म्हणून. ते साडीगार्ड एकाच बाजूला असते. दुसरी बाजू उघडीच. टाकीवर आडवी ठेवलेली सॅक तर हँडल वळूच देत नाही. लॅपटॉप वाचवण्याच्या नादात गाडीचा ताबा देऊन टाकण्यासारखे ते आहे.

सॅक भरताना एक गोष्ट सहसा उलटी होते. लॅपटॉप पाठीलगतच्या कप्प्यात जातो, ते ठीक. पण चार्जरचा ठोकळा त्याच्या झाकणावरच टेकतो. पडदे खाली पडून फुटतात त्याहून जास्त असल्या दाबाने तडकतात, असा माझा समज आहे. डबलसीट असताना मागचा माणूस ब्रेकसरशी पुढे येतो, त्याचे सगळे वजन ठोकळ्यामार्फत पडद्यावर. म्हणून मागे कोणी बसत असेल तर सॅक त्याच्या पाठीवर द्यावी. चार्जर खालच्या वेगळ्या कप्प्यात, एका बाजूला ठेवावा, मणक्यासमोर नाही. पाठीवर पडलो तर तो ठोकळा कुठे रुतेल, याचा विचार करून जागा ठरवावी. जेवणाचा स्टीलचा डबाही त्याच न्यायाने सॅकेबाहेर, हँडलपासून दूर, बाजूच्या पिशवीत. (डब्यातले वरण लॅपटॉपवर सांडणे हा आणखी वेगळा अपघात.)

'लष्करी दर्जाचा' अशी चिठ्ठी लावलेले लॅपटॉप दुकानात दाखवतात. त्यामागचे 'मिल-स्टँडर्ड-८१०' हे अमेरिकी लष्कराचे चाचणीपुस्तक आहे. त्यातली नेहमी सांगितली जाणारी चाचणी म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडणे. पण हे २६ पाडाव एकाच यंत्राने सोसावेत असे नाही, ते पाच नगांत वाटून घेता येतात; आणि यंत्र पडते ते काँक्रीटवर अंथरलेल्या प्लायवूडवर. कुठल्या चाचण्या घ्यायच्या हेही कंपनीच ठरवते. चिठ्ठी निरर्थक नाही, पण तिच्या भरवशावर फोमची जाडी कमी करू नये.

पाण्याबद्दल गैरसमज असा, की ते वरूनच येते. सॅकेचे पावसाळी आवरण पाठीची बाजू उघडी ठेवते, आणि मागचे चाक खालून चिखलपाणी उडवते. चेन असलेली सॅक खालच्या शिवणीतून आधी भिजते. एप्रिलमध्ये तर पाऊस नसतानाही पाठीलगतचा कप्पा घामाने ओला होतो. उपाय शेतकऱ्याच्या घरात असतो: खताच्या गोणीच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी. ती आधी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी, कारण खताचे कण दमट हवेत धातू खातात. तिचे तोंड दोनदा दुमडून लॅपटॉप त्यात ठेवावा. काळ्या रानातली पिठासारखी धूळही त्याने अडते. ठिकाणावर पोहोचताच पिशवी उघडावी. आतला दमटपणा कोंडून ठेवू नये.

उन्हाचे गणित वेगळे. परभणीकडचा मे महिना ४२-४३ अंशांचा. लिथियम बॅटरी ठेवण्याची मर्यादा कंपन्या साधारण ४५ अंश सांगतात, आणि उन्हात उभ्या गाडीची बंद डिकी ती सहज ओलांडते. पंचनाम्यासाठी शेतात जाताना सॅक डिकीत ठेवण्यापेक्षा झाडाखाली, नजरेसमोर ठेवलेली चांगली. तापलेले यंत्र लगेच चार्जिंगला लावू नये, आधी सावलीत निवू द्यावे.

एवढे करूनही यंत्र एक दिवस जाणारच. फोटोंची आणि याद्यांची दुसरी प्रत हवी, आणि ती त्या सॅकेत नको. पेनड्राइव्ह सॅकेच्याच बाजूच्या खिशात ठेवणारे मी पुष्कळ पाहतो. गाडी घसरली, सॅक चोरीला गेली किंवा पुलाखाली पाण्यात पडली, तर दोन्ही प्रती एकदमच जातात. शेतातून निघण्याआधी बांधावर बसून फोटो पेनड्राइव्हवर उतरवायला दहा मिनिटे लागतात. मग पेनड्राइव्ह सदऱ्याच्या चेनच्या खिशात ठेवावा, आणि रेंज आली की पहिल्या थांब्यावर याद्या फोनवरून पुढे पाठवाव्यात. येलदरीहून निघताना हे झाले नसेल, तर जिंतूरला पोहोचल्यावर चहाच्या आधी करावे.