वीस मीटर तार, बारा मीटर परसू
(हौशी रेडिओ : लेखांक 6)

गोव्यातल्या मांद्र्याच्या बाजूचं नेहमीचं घर डोळ्यांपुढे आणा. चिऱ्यांच्या भिंती, कौलं, मागे परसू, परसात चार-पाच माड, कडेला गडगा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजलं तर बारा-तेरा मीटर भरेल. परवाना आणि सेट हे विषय मागच्या लेखांकांत झाले. आता या परसात अँटेना बसवायची आहे, आणि तीही एका बँडपुरती नव्हे, चार बँडांची.

आधी लांबीचा हिशेब. 300 ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. 7.1 मेगाहर्ट्झला ती 42 मीटर, म्हणजे अर्धी 21. तारेत सुमारे पाच टक्के कमी धरावे लागतात, म्हणून हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी थेट 143 ला भागतात आणि उत्तर 20 मीटर येतं. आता गंमत बघा. 7.1 ची दुप्पट 14.2, तिप्पट 21.3, चौपट 28.4, आणि हे तिन्ही आकडे हौशींच्या 20, 15 आणि 10 मीटर बँडांत पडतात. जुने बँड असे पटीतच आखलेले आहेत. त्यामुळे 40 मीटरला अर्धी लहर धरणारी तार 20 ला एक, 15 ला दीड आणि 10 ला दोन लहरी धरते.

मग ती मधोमध कापून साधा डायपोल का करू नये? कारण मधल्या बिंदूशी 7 आणि 21 ला रोध सोयीचा असतो, पण 14 आणि 28 ला तो हजारो ओहमवर जातो. शिवाय लहान परसात तारेचा मध्य नेमका स्वयंपाकघराच्या कौलांवर येतो आणि केबल तिथून लोंबत राहते. जी5आरव्ही ही इंग्लंडच्या लुई वार्नी यांची अँटेना प्रसिद्ध आहे, पण ती 31 मीटरची. निम्म्या मापाची केली तर 40 मीटरपासून पुढे चालते, पण ट्यूनर लागतोच. माझं मत सरळ आहे: अशा जागेत टोकाला जोडलेली अर्ध्या लहरीची तार घ्यावी. केबल घराच्या भिंतीपाशीच संपते आणि परसात दिसते ती फक्त एक तार.

टोकाशी रोध मोठा असतो, अडीच हजार ओहमच्या आसपास. केबल आणि सेट 50 ओहमचे. मध्ये रोहित्र हवं. 2.4 इंची, 43 नंबरच्या फेराइट रिंगवर एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे केबलच्या बाजूला दोन आणि अँटेनाच्या बाजूला चौदा वेढे द्यायचे. वेढ्यांचं प्रमाण सातपट, म्हणून रोधाचं सातचा वर्ग, 49 पट. 50 गुणिले 49 म्हणजे 2450. वेढे मोजायचे ते रिंगच्या आतून. तार आतून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून मोजणारा हमखास एकाने चुकतो. केबलच्या बाजूला 100 पिकोफॅरडचा, जास्त व्होल्टेज सोसणारा कपॅसिटर समांतर जोडला की वरचे बँड सुधारतात. हे सगळं वायरिंगच्या प्लास्टिक पेटीत बसवायचं आणि पेटीच्या तळाला एक बारीक भोक ठेवायचं. आपल्या पावसात पेटी कितीही बंद केली तरी आत दमट होतेच. पाण्याला बाहेर पडायला वाट असलेली बरी. पेटीपासून दोन मीटरवर केबलचे काही वेढे दुसऱ्या फेराइट रिंगवर घेतले की केबलची बाहेरची जाळी अँटेनासारखी वागत नाही. नाहीतर बोलताना सेटच्या पत्र्याला बोट लागलं की चटका बसतो.

आता वीस मीटर तार बारा मीटरमध्ये कशी मावते ते. 40 मीटर बँडवर प्रवाह सर्वांत जास्त तारेच्या मध्यावर असतो आणि टोकांना जवळपास शून्य. लहरी सोडण्याचं काम प्रवाहाचं, म्हणून मधला भाग उंच आणि सरळ हवा; टोकं वळवली तर फारसं बिघडत नाही. भिंतीवर तीन मीटरला पेटी, तिथून सहा मीटर तार तिरकी चढून पहिल्या माडाला साडेसात मीटर उंचीवर, तिथून आठ मीटर आडवी दुसऱ्या माडापर्यंत, आणि उरलेली सहा मीटर काटकोनात वळून गडग्याच्या कडेने उतरती. शेवटचं टोक मात्र हाताला लागेल इतकं खाली आणू नये. 100 वॉटला त्या टोकाशी सुमारे पाचशे व्होल्ट असतात. मूल असो वा वासरू, चटका जोरदार बसेल.

माडाला तार बांधायची नाही. माड वाऱ्याला डोलतो, तार ताणली जात नाही. खोडाला खिळाही नको. खोडाभोवती दोराचा फास, त्याला छोटी कप्पी, कप्पीवरून दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला चिऱ्याचा तुकडा लोंबता. माड वाकला की चिरा वर चढतो, सरळ झाला की उतरतो. सुकलेलं चुडत तारेवर कोसळलं तरी चिरा उचलला जातो आणि तार वाचते. नारळ काढायला पाडेली येईल तेव्हाच त्याच्याकडून फास बसवून घ्यावा. सुंभ पावसात कुजत जातं, तंगूस उन्हाने ठिसूळ होते. रापणकारांचा जाड नायलॉन दोर बरा. तार घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची चालते, पण खाऱ्या वाऱ्याने उघडं तांबं हिरवं पडतं, म्हणून प्रत्येक सांधा झाळून टेपने बंद करायचा.

पहिली तार साडेवीस मीटर ठेवा. प्लास्टिकच्या आवरणामुळे ती हिशेबापेक्षा लांब वागते, तेव्हा आखूड करावी लागेलच. पण कापू नका, टोक मागे दुमडून स्वतःवर पिळा. नॅनोव्हीएनए हे छोटं उपकरण लावून 7.1 जवळ एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते त्याचं माप, सर्वांत खाली आणायचा. 28 चा बिंदू बहुधा अपेक्षेपेक्षा वर सरकलेला मिळतो. दोनच्या आत असेल तर तिथेच सोडून द्या.

साडेसात मीटर म्हणजे 40 मीटर बँडच्या लहरीचा जेमतेम सहावा भाग. पुस्तकं याला कमी उंची म्हणतात, आणि युरोपशी बोलायचं तर ती कमीच आहे. पण एवढ्या खालच्या तारेतून लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून काही शे किलोमीटरच्या परिघात खाली येतात. पेडण्यातून कोल्हापूर, बेळगाव, पुणे गाठायचं तर हातातला व्हीएचएफ सेट सह्याद्रीपुढे हात टेकतो. दिवसा ही खालची तार तो डोंगर वरून ओलांडते. मे 2021 च्या तौक्ते वादळात इथे झाडं आणि खांब पडून कित्येक गावं अंधारात गेली होती. अशा वेळी बॅटरीवरचा सेट आणि अशी तार एवढं पुरतं. लघुलहरींना घाट आडवा येत नाही हे या भागाला नवं नाही: 25 नोव्हेंबर 1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून गोवामुक्तीसाठी चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्र गोव्यात घरोघरी ऐकू येत होतं.

दूरचं बोलणं 20, 15 आणि 10 वर होतं. तिथे तीच उंची लहरीच्या हिशेबाने वाढते. 10 मीटरला ती पाऊण लहरीच्या जवळ जाते. सध्याच्या सौरचक्राचा बहर 2024 च्या सुमारास आला, त्यामुळे या वर्षांत 10 मीटरला दिवसा लांबचे देश मिळतात. पलीकडचा कोणी जुना गडी निघाला तर त्याला गोवा कदाचित सीआर8 या पोर्तुगीज संकेताने आठवत असेल. जगातल्या हॅमच्या देशांच्या यादीत गोवा तेव्हा वेगळा मोजला जाई. 1961 नंतरचे संपर्क मात्र त्या खात्यात धरत नाहीत.

दोन गोष्टींत तडजोड नाही. वीजखात्याच्या तारा परसावरून जात असतील तर आपली तार तुटून कुठेही पडली तरी त्यांना शिवणार नाही, एवढी दूर ठेवा. जमत नसेल तर अँटेना नको. दुसरी, वळीव आणि परतीचा पाऊस. सेटच्या मागची पिन काढून केबल टेबलावर सोडणं म्हणजे वीज घरात आणून ठेवणं. केबल घरात शिरण्याआधीच, बाहेरच्या भिंतीवर, सोडवायची सोय ठेवा, आणि ती सोडवायची ती पहिला गडगडाट ऐकू येण्याआधी.

पुढच्या आठवड्यात चिऱ्याच्या जमिनीतलं अर्थिंग आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट.