विंडोज, मॅक आणि लिनक्सचं वाकडं नाही

एकाच घरात विंडोजचा लॅपटॉप, मुलीचं मॅकबुक आणि जुन्या डेस्कटॉपवर बसवलेलं लिनक्स मिंट, हे त्रिकूट आता नवलाचं राहिलेलं नाही. तरी लग्नाचे फोटो या खोलीतून त्या खोलीत न्यायचे म्हटलं की अजून पेनड्राइव्हची शोधाशोध होते. कारण काय, तर ‘मॅकचं आणि विंडोजचं जमत नाही.’ ही समजूत निदान दहा वर्षं शिळी आहे.

नेटवर्कवरून फाइल देण्या-घेण्याची विंडोजची पद्धत म्हणजे एसएमबी. ती मुळात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी घडवली, मायक्रोसॉफ्टने पुढे वाढवली. १९९२च्या सुमारास कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारेवरून काय ये-जा होते ते न्याहाळत तिचा उलगडा केला आणि युनिक्ससाठी स्वतःचा सर्व्हर लिहिला. तोच आजचा सांबा. लिनक्सवर तो फुकट मिळतो. अ‍ॅपलचा सवतासुभा होता खरा, पण २०१३च्या मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून मॅकनेही एसएमबीच पुढे केली. म्हणजे बोली तिघांची एकच आहे.

मग घोडं अडतं कुठे? बहुतेक वेळा पासवर्डापाशी. ‘पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी घेत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि दोष ‘दुसऱ्या सिस्टिम’ला मिळतो. वस्तुस्थिती अशी की विंडोज उघडताना आपण जो पिन टाकतो, तो त्या एका यंत्रापुरताच असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन होत असेल तर त्या खात्याचा ईमेल आणि त्याचाच पासवर्ड. तो गेल्या दोन वर्षांत एकदाही टाइप केलेला नसतो, त्यामुळे आठवतही नाही. लिनक्सवर निराळीच गंमत. सांबा आपली पासवर्डांची वही वेगळी ठेवतो. लॉगिनचा पासवर्ड त्यात आपोआप उतरत नाही, वापरणाऱ्याची नोंद तिथे मुद्दाम करावी लागते. मॅकवर फाइल शेअरिंग सुरू केलं तरी काही विंडोज संगणकांसाठी ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन त्या-त्या खात्यासमोर टिक करून पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. या तीन जागा आधी तपासा. माझ्या मते निम्म्याहून अधिक भांडणं इथेच मिटतात.

‘नेटवर्कच्या यादीत दिसत नाही, म्हणजे जोडलेलाच नाही’ हाही असाच समज. यादी लहरी असते. पलीकडच्या संगणकाचा आयपी पत्ता थेट टाकला तर न दिसणारा फोल्डरही उघडतो. तरीही नाही उघडला, तर विंडोजमध्ये घरचं वाय-फाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलंय का ते पाहा. तसं असेल तर विंडोज त्याला रेल्वे स्टेशनच्या वाय-फायसारखं वागवतं आणि दार लावून घेतं; ‘प्रायव्हेट’ केलं की काम होतं. आणि एक यंत्र राउटरच्या गेस्ट वाय-फायवर असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही भेट होणार नाही, कारण पाहुण्यांना घरातली यंत्रं दिसू नयेत यासाठीच ती सोय असते.

आता एक सल्ला, जो मित्रमंडळींत सर्रास मिळतो आणि जो अजिबात ऐकू नये: ‘एसएमबी वन चालू कर, पासवर्ड काढून टाक, लगेच चालेल.’ चालतंही कधीकधी, म्हणूनच तो पसरतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबीच्या याच जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून यंत्रामागून यंत्र पकडत गेला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज त्याने कोलमडवलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. त्यानंतर ही आवृत्ती नव्या विंडोजमध्ये मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीत तर नियम आणखी कडक झाले, म्हणून जुन्या राउटरला लावलेली हार्ड डिस्क अचानक ‘बंद पडल्या’सारखी वाटते. ती बंद पडलेली नसते. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट होत असेल तर करा, नसेल तर डिस्क काढून एखाद्या संगणकाला लावा आणि तिथून शेअर करा.

घरातल्या घरात फाइल पाठवली तर डेटा पॅक संपेल ही भीतीही निराधार. फाइल राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच दुसऱ्या खोलीत वळते. इंटरनेट बंद असलं तरी काही बिघडत नाही. उलट शेजारच्या खोलीतल्या माणसाला फोटो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणं म्हणजे तो बाहेर जाऊन, बारीक होऊन परत येणं.

पेनड्राइव्हच्या बाबतीत मात्र ‘जमत नाही’ ही तक्रार खोटी नाही, फक्त ती चुकीच्या जागी लावली जाते. नेटवर्कवरून देताना डिस्कचा फॉरमॅट कोणता याच्याशी समोरच्याला देणंघेणं नसतं. पेनड्राइव्ह हातोहात फिरतो तेव्हा असतं. फॅट ३२ असेल तर ४ जीबीची एक फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी; मग व्हिडिओ अर्ध्यात अडकतो आणि लोक ड्राइव्ह नकली समजतात. एनटीएफएस असेल तर मॅक वाचतो, पण लिहीत नाही. एक्सफॅट तिन्हीकडे चालतो, लिनक्सच्या गाभ्यातही २०१९पासून आहे. मात्र पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता उपसू नका.

आणि शेवटचा, खास आपल्याकडचा गैरसमज: ‘लिनक्सवर उघडली आणि मराठी फाइल खराब झाली.’ फाइल खराब होत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये ‘राम’ टाइप केलं की फाइलीत खरं तर जे, के, ई ही इंग्रजी अक्षरं साठतात. फाँट त्यांना देवनागरीचे कपडे घालतो. फाँट नसलेल्या यंत्रावर, मग ते विंडोजचं का असेना, तीच इंग्रजी अक्षरं दिसणार. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी तिन्हीकडे मराठीच राहतं. तेव्हा घरातला जुना संगणक भंगारात द्यायच्या आधी त्यातल्या अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या. कोणता फाँट वापरला होता ते त्या यंत्रावर अजून पाहता येतं.