दर चार सेकंदांना एक नोकरी!

दर वर्षी साडेअठ्ठ्याहत्तर लाख! 2030 सालापर्यंत भारताला शेतीबाहेर दर वर्षी सरासरी एवढ्या नव्या नोकऱ्या लागतील, असं 2023-24ची आर्थिक पाहणी सांगते. आकडा वाचला, मान डोलावली आणि पान उलटलं? थांबा, हा आकडा असा सोडायचा नाही.

कोविडच्या आधी मुंबईच्या सगळ्या लोकल मिळून दिवसाला साधारण 75 लाख प्रवासी नेत-आणत. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून मध्यरात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंतचा तो अख्खा लोंढा डोळ्यांसमोर आणा. त्यातल्या प्रत्येकाच्या हातात एकेक नेमणूकपत्र ठेवा. तरी साडेतीन लाख पत्रं उरतातच! आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

365ने भागा. दिवसाला साडेएकवीस हजार. तासाला नऊशे. मिनिटाला पंधरा. म्हणजे दर चार सेकंदांना एक नोकरी. टपरीवर कटिंगचा एक घोट घेतलात? झाली एक. फुंकर मारून दुसरा घेतलात? झाल्या दोन.

आता ही सगळी माणसं गाडीत बसवू. ऐन गर्दीत बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं कोंबलेली असतात. साडेअठ्ठ्याहत्तर लाखांना लागतील 1,570 लोकल. एक लोकल साधारण 265 मीटर लांब धरा आणि एकीमागे एक उभ्या करा. रांग झाली 416 किलोमीटर! मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा. रांग पुण्याला जाईल, वळून मुंबईला येईल, तरी शेपटी उरेल ती जवळजवळ ठाण्यापर्यंत.

पण या रांगेतल्या किती जणांच्या हातात कसब आहे? त्याच पाहणीतला आकडा: 15 ते 29 वयोगटात रीतसर व्यवसाय-प्रशिक्षण मिळालेले अवघे 4.4 टक्के. एका लोकलमध्ये चढून बघू. पाच हजारांत 220 जण, म्हणजे जेमतेम अर्धा डबा! वडिलांच्या गॅरेजमध्ये, काकाच्या दुकानात, कुणाच्या तरी हाताखाली बघून बघून शिकलेले आणखी 16.6 टक्के. ते झाले दोन डबे. उरलेले साडेनऊ डबे नुसतेच धावताहेत!

मग आयटीआयच्या वर्गांत पाय ठेवायला जागा नसेल ना? इथेच तर गंमत आहे. 1950 साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत आज देशभर साडेचौदा हजारांवर आयटीआय आहेत. जागा 25 लाखांच्या घरात, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या रिकाम्या! बारा लाख रिकाम्या जागा म्हणजे 240 रिकाम्या लोकल. सीएसएमटीपासून मागे उभ्या केल्या तर रांग कल्याण ओलांडते, अंबरनाथही ओलांडते. फलाटावर मुंगीला शिरायला वाव नाही आणि रुळांवर 63 किलोमीटर गाड्या मोकळ्या!

एका कसबी हाताची किंमत काय? सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. असे एक लाख नळ धरले तर वीस लाख लिटर. वीस फूट व्यासाच्या, चाळीस फूट पाणी असलेल्या सहा विहिरी रोज कोरड्या! आणि बऱ्याचदा लागतं काय? एक वायसर आणि तो नीट बसवणारा प्लंबर.

मग आयटीआयची ही अवस्था सुधारायला पैसा किती? 2025च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारणेसाठी 60 हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीस केंद्राचे, वीस राज्यांचे, दहा उद्योगांचे. पाचशेच्या नोटांत मोजू: 120 कोटी नोटा. टोकाला टोक लावलं तर एक लाख ऐंशी हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला साडेचार वेढे! सेकंदाला एक नोट मोजायला माणूस बसवला, तर तो विसाव्या वर्षी रुजू होईल आणि शेवटची नोट मोजून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल. तेही 38 वर्षं एक डुलकी न काढता!

एवढ्या पैशात सुधारायचे आयटीआय एक हजार: 200 मोठे आणि त्यांना जोडलेले 800. शिकवायचे पाच वर्षांत 20 लाख तरुण. माणशी तीन लाख रुपये! पण दिवसाचा हिशेब केला की 1,100 जणच भरतात. नोकऱ्या हव्यात रोज चार लोकल भरून, आणि या योजनेतून शिकून निघणार साडेचार दिवसांत एक लोकल.

मग जास्तीत जास्त किती जमू शकतं? जर्मनीकडे बघू. लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या आसपास, आपल्या महाराष्ट्रापेक्षा कमी. तिथे साधारण 12 लाख तरुण आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात किंवा कचेरीत, उरलेले शाळेत, असे शिकतात. शिकता शिकता पगार घेतात. व्यवसाय सव्वातीनशेच्या वर! याच प्रमाणात आपल्या 140 कोटींच्या देशाने मुलं शिकवायची ठरवली तर? दोन कोटी! चार हजार लोकल! 2011च्या जनगणनेतली अख्खी मुंबई घ्या, त्यात अख्खं पुणे शहर ओता, तरी चव्वेचाळीसेक लाख जागा उरतील. आणि ही सगळी माणसं एकाच वेळी कसब शिकत असतील, लेथवर, वेल्डिंगच्या ठिणग्यांत, सौर पॅनेलखाली, रुग्णाच्या उशाशी!

हे वाचायला तुम्हाला चार मिनिटं लागली असतील. तेवढ्यात साठ नोकऱ्यांची गरज उभी राहिली. दहावीच्या निकालानंतर घरातलं कुणी म्हणालं, ‘मी आयटीआय करतो,’ तर नाक मुरडू नका. गाडी उभी आहे आणि निम्मी रिकामी आहे. त्याला चढू द्या.